बंदराचा आराखडा आणि आमची वही

स्तवनिधीस दर्शनाला जाताना तवंदीच्या घाटात आपली मोटार एखाद्या लांबलचक ट्रेलरच्या मागे अडकली नाही, असे आमच्या सभासदांपैकी क्वचितच एखादे कुटुंब असेल. ट्रेलरवर लोखंडी पेटी असते. तिच्यावर कोठल्याशा परदेशी कंपनीचे नाव रंगविलेले असते. दारास मोहोर लावलेली असते. आत बेळगावच्या उद्यमबागेतील ओतीव लोखंडाचे भाग असतील, मिरची असेल, साखर असेल. मागच्या मोटारीतील मंडळींस ते दिसत नाही. ती एवढेच म्हणतात की, या पेट्यांनी रस्ता अडविला. आमचे मत थोडे निराळे आहे. या पेट्यांसाठी रस्ते, रूळ आणि धक्के आखले जात असताना आपण व्यापारी तेथे हजर नव्हतो, ही आमच्या दृष्टीने अधिक मोठी अडचण आहे.

वार्षिक स्मरणिकेत बंदराच्या नियोजनावर लेख कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. बेळगावास समुद्र नाही आणि निपाणीस तर आजही रेल्वे नाही. परंतु ज्याच्या दारी समुद्र नाही त्यानेच बंदराची चिंता अधिक करावी, असे आम्हांस वाटते. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यास बंदरातील गैरसोय डोळ्यांनी दिसते व तो दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन तक्रार करू शकतो. आम्हांस ती गैरसोय महिनाभराने, आडत्याच्या हिशेबातील एका अनपेक्षित रकमेच्या रूपाने कळते.

या पेटीचा प्रवास आणि आमच्या भागाचे आजचे राजकीय रूप या दोहोंचा आरंभ एकाच वर्षी झाला, हे थोड्यांच्याच ध्यानी असेल. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या मूळच्या ट्रक-व्यावसायिकाची ती कल्पना. माल एकदा पेटीत भरला की तो मुक्कामाला पोचेपर्यंत पुन्हा हाताळावयाचा नाही. हलवावयाची ती पेटीच. सुटा माल हमालांकरवी जहाजात चढविण्यास तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत असत. पेटीच्या रीतीने तो खर्च टनामागे १६ सेंटांच्या आसपास आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. ज्या वर्षी जगाने सीमा न जाणणारी पेटी शोधून काढली, त्याच वर्षी आमच्या बाजारपेठेतून सीमेची रेघ गेली. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. व्यापाराच्या दृष्टीने सांगावयाचे ते इतकेच की, कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी आणि निपाणी, संकेश्वर, बेळगाव ही पिढ्यान्‌पिढ्यांची एकच बाजारपेठ आहे. नकाशा तिला दोन मानतो, आणि आराखडे नकाशा पाहून केले जातात.

बंदरे आणि आमची गावे यांचा संबंध काही नवा नाही. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. पुढे दीर्घ काळ बेळगावच्या पठारावरील माल सह्याद्रीचे घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जात असे आणि परतीच्या बैलांवर मीठ, नारळ, सुपारी येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग आला. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरून गाडी मुरगावच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांच्या हातून काही अपराध घडला होता, असे नव्हे. लोहमार्ग कोठून न्यावयाचा व धक्का कोठे बांधावयाचा याचा निर्णय इतरत्र झाला, आणि तो आपल्याला ओलांडून पुढे गेला हे त्यांना उशिरा उमगले. हा धडा आम्ही विसरता कामा नये.

आता नवे बंदर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. कंटेनर टर्मिनलचे तीन भाग असतात: धक्का, आवार आणि फाटक. धक्क्यावर उंच क्रेन जहाजातील पेट्या उचलतात. आवारात पेट्या एकीवर एक रचून ठेवतात. फाटकातून ट्रेलर आणि रुळांवरून मालगाड्या ये-जा करतात. पाहणाऱ्याचे डोळे धक्क्यावरच्या अजस्र क्रेनवर खिळतात. आखणाऱ्याची खरी परीक्षा मात्र आवारात असते. निपाणीच्या वखारीत ज्यांनी तंबाखूचे बोद रचले आहेत, त्यांस याचे मर्म सांगावयास नको. थप्पीतील तळाचा बोद हवा असेल तर वरचे सगळे उतरवावे लागतात. म्हणून शहाणा वखारवाला आधी निघावयाचा माल वर आणि दारापाशी ठेवतो. आवारातही हेच चालते. चार-पाच पेट्यांच्या थप्पीत तळाची पेटी काढावयाची तर वरच्या पेट्या फुकट हलवाव्या लागतात. त्या श्रमाचे कोणी दाम देत नाही, पण त्याचा भार शेवटी सर्वांच्या दरात येऊन बसतो. कोणती पेटी कोणत्या जहाजात, कोणत्या बंदरासाठी, किती वजनाची आणि केव्हा जाणार, हे जितके आधी ठाऊक तितकी थप्पी शहाणपणाने रचता येते. म्हणजे आधुनिक बंदराचा पाया काँक्रीटचा असतो तितकाच आधी कळलेल्या माहितीचा असतो.

दुसरी गोष्ट काळाची. टर्मिनलचे आवार ही वखार नव्हे. तो वाहता पाट आहे. जेथे पेटी सरासरी सहा दिवस पडून राहते, तेथे ती तीन दिवसांत निघू लागली तर एक गुंठा जमीन न वाढविता त्याच आवारातून दुप्पट पेट्या जाऊ शकतात. म्हणूनच फुकटचे दिवस संपताच बंदर भाडे आकारू लागते, आणि ते भाडे दिवसागणिक चढत जाते. ते आमच्याकडील कित्येकांस जुलूम वाटते. परंतु बंदराला स्वस्त वखार समजून माल तेथे टाकून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यामुळे मागच्या दहा व्यापाऱ्यांची वाट अडते, हेही न्यायाने पाहिले पाहिजे. २०१६ पासून जवाहरलाल नेहरू बंदरात प्रत्येक पेटीच्या हालचालीची नोंद रेडिओ-लहरींच्या खुणेने घेतली जाऊ लागली. पेटी कोठे किती तास थांबली हे आता लपत नाही.

आमचा बहुतेक माल याच बंदरातून जातो. न्हावा-शेवा येथील हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले; २०२४-२५ या वर्षात तेथे वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख पेट्यांची उलाढाल झाली. तेथील चौथ्या टर्मिनलचा पहिला टप्पा २०१८ साली व दुसरा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्या एकट्या टर्मिनलचा धक्का आता २,००० मीटर लांबीचा असून त्याची वार्षिक क्षमता ४८ लाख पेट्यांची आहे. निपाणीहून हे बंदर सुमारे ४०० किलोमीटर, बेळगावहून साडेचारशेच्या पुढे. उलट मुरगाव बेळगावहून दीडशे किलोमीटरांच्या आसपास. मग जवळचे सोडून दूरचे का, असा प्रश्न आमचे तरुण सभासद दर सभेत विचारतात. त्याचे उत्तर अंतरात नाही. मुरगाव १९६४ पासून प्रमुख बंदर आहे, पण त्याची घडण खनिज व कोळसा अशा सुट्या मालासाठी झाली. कंटेनर-जहाज तेथेच येते जेथे त्याला एका फेरीत भरपूर पेट्या मिळतात; आणि पेट्या तेथेच जातात जेथे जहाजे वारंवार येतात. बाजाराच्या गावी बाजार भरतो, तसाच हा प्रकार आहे. शिवाय कॅसलरॉकचा घाट १ : ३७ चढणीचा, गाडीस जादा इंजिने लावल्यावाचून तो चढता येत नाही. व्यापारी वाहतुकीचा भाव किलोमीटरांत मोजत नाही. पेटी दारातून निघाल्यापासून जहाज सुटेपर्यंत किती दिवस व किती रुपये गेले, यांत मोजतो.

आता याहून मोठी आखणी पुढे आली आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. प्रत्येकी १,००० मीटरांची नऊ कंटेनर टर्मिनले. वर्षाला २ कोटी ३२ लाख पेट्यांची क्षमता. सुमारे २० मीटरांची नैसर्गिक खोली, जेणेकरून जगातील सर्वांत मोठी जहाजे तेथे लागावीत. हा आकडा न्हावा-शेव्याच्या आजच्या उलाढालीच्या तिप्पट आहे. आणि हे बंदर मुंबईच्याही उत्तरेस आहे. म्हणजे आम्हांस ते आणखी दूर. १,५०४ किलोमीटरांचा पश्चिमेकडील स्वतंत्र मालवाहू लोहमार्ग न्हावा-शेवा ते दादरी असा आखला आहे. त्याचे तोंड दिल्लीकडे आहे, दक्षिणेकडे नाही. यात कोणाचा कट आहे असे आम्ही मानत नाही. उत्तरेकडील मालाचा आकडा आखणाऱ्यांच्या टेबलावर होता. आमचा नव्हता. सिंगापूरने तुआस येथील बंदर २०२२ साली उघडले. ते १९४० च्या नव्हे, २०४० च्या दशकातील साडेसहा कोटी पेट्या ध्यानी धरून बांधले जात आहे. वीस वर्षांपुढचा विचार करणाऱ्यास आजचा विश्वसनीय आकडा लागतो. ज्याचा आकडा नाही, त्यास आराखड्यात जागा नाही.

वाढवणविषयी बोलताना एका गोष्टीचा उल्लेख टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे. १९९८ साली तेथील प्राधिकरणाने बंदराची आधीची योजना नाकारली होती. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या योजनेस अनुमती दिली. किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांचा विरोध मात्र सरलेला नाही. मासेमारी आमच्या आचारात बसणारा व्यवसाय नव्हे, हे उघड आहे. परंतु तेवढ्यावरून त्या कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न आमचा नाही असे म्हणणे अहिंसेच्या शिकवणीस धरून होणार नाही. आमची पेटी स्वस्तात जावी म्हणून कोणाचे घर उठत असेल, तर त्याचे पुनर्वसन आधी व धक्का नंतर, असा आग्रह धरणे हे व्यापारी संघटनांचेही कर्तव्य आहे. प्रयोजनावाचून केलेल्या हानीस आपल्या आचारशास्त्रात अनर्थदंड म्हणतात. प्रयोजन असलेल्या हानीचाही हिशेब ठेवावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समुद्रकिनाऱ्यावरील टर्मिनल कितीही उत्तम आखले, तरी आतल्या मुलखाचा छोटा व्यापारी त्यापर्यंत पोचेल कसा, हा प्रश्न उरतो. वीस फुटी पेटीत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. ओतीव लोखंडाच्या कारखानदाराची पेटी अर्धीही भरत नाही तोच वजनाची मर्यादा येते. मिरची किंवा तंबाखू भरणाऱ्याची पेटी तुडुंब भरली तरी वजन शिल्लक राहते. ज्यांचा माल पूर्ण पेटीचा होतो त्यांचे निभते. परंतु आमच्यातील कित्येक सभासदांचा माल एका वेळी पाव किंवा अर्ध्या पेटीचा असतो. तो ट्रकने मुंबईकडे जातो, तेथे दुसऱ्यांच्या मालाशी मिळविला जातो, तेथेच पडून राहतो. आणि मालाचे खरे भाडे किती व मध्यस्थांचे किती, हे धन्यास कधी कळत नाही. हळूहळू असा व्यापारी निर्यातदार राहत नाही. मुंबईच्या निर्यातदारास माल पुरविणारा एवढेच त्याचे स्थान उरते. परदेशातील गिऱ्हाईक त्याचे राहत नाही, भावही त्याचा राहत नाही. दोन पिढ्यांनी उभ्या केलेल्या पेढीचे नाव पेटीवर नव्हे, कागदावरूनही पुसले जाते. या लेखात आम्हांस जे गंभीर वाटते ते हेच.

यावर उपाय नवा नाही. देशातील पहिले अंतर्देशीय कंटेनर आगार १९८१ साली बेंगळूर येथे झाले. १९८८ साली त्यासाठी रेल्वेने भारतीय कंटेनर निगम स्थापिले. जालन्याच्या शुष्क बंदराची पायाभरणी २०१५ साली झाली. जकातीची तपासणी, कागदपत्रे, मोहोर हे सारे आपल्या गावाजवळ आटोपावे आणि पेट्यांची गाडी सरळ धक्क्यावर जावी, अशी ही व्यवस्था. आमच्या मुलखातही लोहमार्गालगत, दोन्ही राज्यांतील व्यापाऱ्यांनी मिळून चालविलेली एक सामायिक वखार असावी, जेथे पाव-अर्ध्या पेटीचा माल एकत्र करता येईल, असे आमचे मत आहे. तंबाखूच्या वासाने शेजारचा माल बाटतो, मिरचीचेही तेच. तेव्हा त्यांस निराळी दालने लागतील. हे तपशील आमची जुनी मंडळी कोणाही अभियंत्यापेक्षा चांगले सांगतील.

परंतु येथे अंकगणित आडवे येते. ४५ वाघिणींची एक कंटेनर-गाडी वीस फुटी ९० पेट्या नेते. गाडी परवडावयाची तर ती भरलेली हवी आणि ठरलेल्या वारी सुटावयास हवी. बेळगाव एकटे आठवड्याला ९० पेट्या देईल काय? निपाणी एकटी देईल काय? इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज मिळविल्यास किती होतील? असा प्रश्न रेल्वेच्या अधिकाऱ्याने उद्या विचारला, तर आमच्यापैकी कोणीही छातीवर हात ठेवून उत्तर देऊ शकणार नाही. आम्ही निवेदने देतो. त्यांत ‘फार मोठा व्यापार’, ‘प्रचंड उलाढाल’, ‘तातडीची निकड’ असे शब्द असतात. आकडा नसतो. आपल्या दुकानात येऊन कोणी ‘पुष्कळसा गूळ पाठवा’ असे सांगितले तर आपण माल तोलणार नाही. मग मोघम मागणीवर सरकारने लोहमार्ग टाकावा अशी अपेक्षा आपण कशी करतो?

आकडा का नसतो, याचे कारण आपण सर्व जाणतो. बोलत मात्र नाही. शेजारच्या पेढीस आपला माल किती, कोठे व कोणाकडे जातो हे कळू नये, अशी प्रत्येकाची दक्षता असते. ती अगदीच चुकीची आहे असे नव्हे. गिऱ्हाईक जपणे हा धंद्याचा धर्म आहे. पण ही गुप्तता आता आम्हांस महाग पडू लागली आहे. दहा पेढ्यांनी दहा आकडे झाकून ठेवले, की बाहेरच्याच्या दृष्टीने त्या सर्वांची बेरीज शून्य होते.

खरे आकडे सांगण्याच्या बाबतीत आमच्याच पेढीवरचा एक प्रसंग सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. १ जुलै २०१६ पासून जगभर असा नियम झाला आहे की, भरलेल्या पेटीचे पडताळलेले एकूण वजन कळविल्याशिवाय ती जहाजात चढविता येत नाही. माल, बांधणी, आधाराची लाकडे आणि पेटीचे स्वतःचे वजन असे सारे त्यात धरावयाचे. आमच्या एका पेटीचे वजन आम्ही मालाच्या बिलावरून काढले. खालच्या लाकडी चौकटी व अडसर धरले नाहीत. फरक थोडाच असेल असे वाटले. बंदरात पडताळणीत तो उघड झाला, पेटी बाजूस काढली गेली, जहाज तिच्याविना सुटले. पुढच्या जहाजापर्यंतचे भाडे भरले, आणि उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकाने भावही कापला. यात कोणास दोष द्यावयाचा? भुईकाटा आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या दिवशी आम्हांस जाणवले की, कमी-अधिक वजन-माप हा अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत का गणला आहे. आमच्या मनात चोरी नव्हती, आळस होता. परंतु चुकीच्या वजनावर थप्पी रचली गेली तर खालची पेटी चेपते, जहाजाचा तोल बिघडतो, माणसे दगावू शकतात. जुन्या व्रताचा अर्थ नव्या बंदरातही तसाच लागू आहे.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे काम सरकारचे. होय, लोहमार्ग व जकातकचेरी सरकारचीच. पण मालाची मोजदाद आमच्याशिवाय कोण करणार? दुसरा आक्षेप, दोन राज्यांतील संघटना एकत्र कशा येणार? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. मालास आता अडचण नाही. अडचण माणसांच्या मनात असेल तर ती आपणच दूर करावयाची. तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. पेटी आली की हमाल जातो, असे म्हणतात. जगभरच्या गोद्यांत तसे घडले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. सीमेच्या अलीकडे आमच्या हमालांस त्याचा आधार नाही. तेव्हा सामायिक वखार झालीच, तर पेटी भरण्याच्या, उचलयंत्रे चालविण्याच्या व मालाची नोंद ठेवण्याच्या कामावर पहिला हक्क आज आमच्या वखारींत खपणाऱ्या कुटुंबांचा असावा, त्यांच्या मुलांस ते शिक्षण संघटनेने आपल्या खर्चाने द्यावे, आणि हे वखारीच्या घटनेत पहिल्याच कलमात लिहावे. ज्यांच्या पाठीवरून आमचा माल गेला, त्यांस वगळून केलेली आखणी आधुनिक म्हणविण्यास पात्र नाही.

आमची सूचना अगदी लहान आहे. संघटनेने एक नमुना छापावा. त्यात दर महिन्यास प्रत्येक सभासदाने पाचच रकाने भरावेत: मालाचा प्रकार, वजन, किती पेट्या अथवा पेटीचा कितवा भाग, कोणते बंदर, आणि दारातून निघाल्यापासून जहाज सुटेपर्यंत लागलेले दिवस. गिऱ्हाइकाचे नाव नको, भाव नको, पेढीचे नावही नको. बंद पाकिटातून तो कार्यालयात यावा आणि बाहेर फक्त बेरीज जाहीर व्हावी. असेच नमुने सीमेपलीकडील व्यापारी मंडळांस पाठवावेत. आज बहुतेक पेढ्यांवर संगणकाचे काम घरातील मुली-सुना पाहतात; ही नोंद त्या आमच्याहून चोख ठेवतील, यात आम्हांस शंका नाही. बारा महिन्यांनी हाती जी वही येईल, ती घेऊन रेल्वेकडे, दोन्ही राज्यांच्या सरकारांकडे आणि बंदराच्या कार्यालयाकडे जाता येईल. कदाचित बेरीज इतकी लहान निघेल की स्वतंत्र गाडी परवडणार नाही. तसे झाल्यास तेही सत्य कळेल, आणि आठवड्यातून ठरलेल्या वारी ट्रेलरांचा ताफा किंवा मुरगावची वाट अशा लहान उपायांचा विचार करता येईल. खोट्या आशेपेक्षा खरा आकडा बरा.

आमच्या पूर्वजांना हे अवघड वाटले नसते. १८९९ साली याच परिसरात, स्तवनिधीच्या क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची, म्हणजे आजच्या दक्षिण भारत जैन सभेची, स्थापना झाली. तेव्हा ना मोटारी होत्या, ना दूरध्वनी. गावोगावचे लोक बैलगाडीने जमले, आपल्या समाजातील मुले किती, शिकतात किती याचा विचार त्यांनी केला आणि पुढे वसतिगृहे उभी राहिली. कोणी येऊन आपले कल्याण करील म्हणून ते बसून राहिले नाहीत. त्याच क्षेत्राच्या पायथ्याशी आज आमच्या पेट्या घाट ओलांडतात.

येत्या दिवाळीत वहीपूजन होईल आणि दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होईल. त्या दिवशी प्रत्येक सभासदाने नव्या वहीत या पाच रकान्यांचे एक पान राखून ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या विषयावर पुन्हा लेख लिहिण्याची वेळ आलीच, तर त्यात आमच्या मतांऐवजी आपल्या सर्वांचे आकडे छापता यावेत, एवढीच इच्छा. जय जिनेंद्र.